प्रोफेसर केळफा आणि तळेगावचा काच कारखाना

माहितीपट हा शब्द आमच्या तोंडी फार उशिरा आला. आधी तो सगळाच प्रकार म्हणजे "न्यूजरील". मुख्य सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर काळंपांढरं काहीतरी सुरू व्हायचं. कुठल्यातरी धरणाची दारं उघडायची, परदेशी पाहुणे विमानातून उतरून हार घालून घ्यायचे, कुठेतरी पूर आलेला असायचा आणि शेवटी क्रिकेट नाहीतर हॉकी. निवेदकाचा आवाज असा भारदस्त, की पूर असो की पुष्पप्रदर्शन, सूर तोच! निम्मं थिएटर तेवढ्यात बाहेर जाऊन चहा-विडी उरकून यायचं. मी मात्र पहिल्यापासून खुर्चीला चिकटून बसायचे. एक तर तिकिटाचे पैसे पुरेपूर वसूल करायची सवय, आणि दुसरं म्हणजे बी.ए.ला इतिहास घेतलेला. पुस्तकातली माणसं हलताना बघायला मिळायची ती तिथेच.

आता भाच्या-पुतणे विचारतात, "मावशी, तू दुपारी मोबाईलवर एवढं काय बघत असतेस?" (काकू म्हणणारेही तेच विचारतात, पण जरा दबकत.) तर मंडळी, मी जुने माहितीपट बघते. आणि बघता बघता काही भन्नाट गमती सापडतात त्या वहीत टिपून ठेवते. चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे नुसती यादी देणं मला जमत नाही, तेव्हा शिफारशींबरोबर गोष्टीही ऐकाव्या लागतील. कंटाळा आला तर बाहेर चहा आहेच.

सुरुवात त्या न्यूजरीलपासूनच करते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने १९४३ साली प्रचारपट काढण्यासाठी एक खातं उभं केलं आणि असे लघुपट दाखवणं थिएटरवाल्यांना सक्तीचं केलं. लोकांना अर्थातच ते आवडलं नाही, आणि १९४६ मध्ये ते खातं बंद झालं. पुढे स्वतंत्र भारताने १९४८ साली नवं खातं काढलं, तेच फिल्म्स डिव्हिजन. आता या दोन सालांच्या मध्ये काय येतं बघा. १५ ऑगस्ट १९४७! देशाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी मध्यरात्र, आणि ती टिपायला सरकारचं स्वतःचं चित्रपट खातंच जागेवर नाही. आज आपण नेहरूंचं ते भाषण आणि लाल किल्ल्याभोवतीची गर्दी पडद्यावर बघतो, ती खासगी आणि परदेशी कॅमेरेवाल्यांची कृपा. वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची. "बाई, म्हणजे लग्न लागलं आणि फोटोवालाच नाही!" असं एकदा एक मुलगा म्हणाला होता. त्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

फिल्म्स डिव्हिजनने पुढे आठ हजारांवर चित्रपट काढले. २०२२ मध्ये ते खातं राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. पण त्यातले पुष्कळ लघुपट यूट्यूबवर आहेत, फुकट. त्यातला माझा सगळ्यात लाडका म्हणजे एस. एन. एस. शास्त्री यांचा "आय ॲम ट्वेंटी". १९६७ सालचा. वीसेक मिनिटांचा असेल. कल्पना साधी आहे. स्वातंत्र्य आणि हे मूल एकाच वर्षी जन्माला आलेलं, तर विशीत आलेल्या अशा तरुण-तरुणींना देशभर जाऊन विचारायचं, काय वाटतं तुम्हाला? कुणी स्वप्नं सांगतो, कुणी स्पष्ट सांगतो की देशाबद्दल मला काही वाटत नाही, कुणी पोटापाण्याच्या पुढे जातच नाही. सरकारी पैशाने काढलेल्या चित्रपटात सरकारी उत्तरं नाहीत, हीच त्यातली मौज. १९६७ मध्ये मी सोळा वर्षांची होते. ती सगळी माझ्या थोरल्या भावंडांची पिढी. त्यांचे केस, चष्मे, सदऱ्यांच्या कॉलरी बघूनच मला हसू येतं, आणि मग एकदम जाणवतं की यातली जी माणसं आज असतील, ती ऐंशीच्या घरात आहेत.

असो. न्यूजरीलच्या मागे गेलं की आणखी मागे जावंसं वाटतं. तर आपल्याकडचा पहिला माहितीपट कोणता? हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे मुंबईतले फोटोग्राफीच्या धंद्यातले गृहस्थ. १८९६ साली वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा खेळ झाला, तो पाहून त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि नोव्हेंबर १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. म्हणजे आपल्या मातीतला पहिला माहितीपट चक्क लाल मातीतला निघाला! दुसरा विषय त्यांनी घेतला तो माकडांना शिकवणाऱ्या माणसाचा. कुस्ती आणि माकडं. आजही मोबाईलवर लोक याहून वेगळं काय बघतात?

पण माझ्या वहीत ठळक अक्षरांत लिहिलेली नोंद १९०१ सालची आहे. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला गणितात पहिले आले, सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. ते डिसेंबर १९०१ मध्ये मुंबईला परतले, आणि त्यांच्या स्वागताचं चित्रण सावेदादांनी केलं. आपल्याकडचं पहिलं बातमीचं चित्रण म्हणून त्याचं नाव घेतात. कोण राजा नाही, सेनापती नाही, नट नाही. गणिताचा विद्यार्थी! दापोलीकडच्या मुर्डी गावचा मुलगा बोटीतून उतरतो आणि कॅमेरा फिरायला लागतो. शिक्षकाच्या जातीला याहून गोड बातमी नाही. आता गणितात पहिला आलेल्या मुलाचं चित्र झळकतं ते क्लासच्या फ्लेक्सवर, आणि त्याच्या चेहऱ्यापेक्षा क्लासचा फोन नंबर मोठा असतो.

ते चित्रण आज बघायला मिळत नाही. कुस्तीही नाही आणि माकडंही नाहीत. सावेदादांचं काहीच उरलेलं नाही. ही गोष्ट इथून पुढे पुन्हापुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

आता फाळके. दादासाहेब म्हटलं की सगळ्यांना "राजा हरिश्चंद्र" आठवतो, ३ मे १९१३, कोरोनेशन थिएटर, वगैरे. परेश मोकाशींचा "हरिश्चंद्राची फॅक्टरी" (२००९) आल्यापासून तर घरोघरी मुलांना ती गोष्ट पाठ आहे, आणि ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी आजच बघा, तो माहितीपट नसला तरी. पण हरिश्चंद्राच्या आधी फाळक्यांनी जे केलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणि यंत्रं घेऊन ते परत आले तेव्हा गाठीला पैसा नव्हता. सावकाराला पटवायचं कसं? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत महिनाभर त्याच्यापुढे कॅमेरा लावून धरला. तयार झालेल्या मिनिटभराच्या चित्रपटात वाटाणा डोळ्यांदेखत रुजतो, कोंब फुटतो, वेल वर चढते. नाव "अंकुराची वाढ". तो बघून पैसे उभे राहिले. म्हणजे भारतीय चित्रपटधंद्याचं पहिलं तारण काय, तर वाटाण्याचा वेल! शेतकऱ्याच्या घरात आयुष्य गेलेल्या मला ही गोष्ट फार आवडते. बँकेत जाऊन सांगावंसं वाटतं, सातबारा नको, माझा वाटाणा बघा.

आणि सरस्वतीबाई! रात्री अंधारात बसून कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायची (तेव्हा ती भोकं आपली आपण पाडावी लागत), दिवसा चित्रीकरणाच्या वेळी ऊन परतवायला पांढरी चादर धरून उभं राहायचं, आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. याला घरकाम म्हणायचं की तंत्रज्ञ, ते तुम्हीच ठरवा.

गमतींची वही आता जरा उघडते. फाळके तरुणपणी जादूचे प्रयोग करत. रंगमंचावरचं नाव काय घेतलं? "प्रोफेसर केळफा". नीट वाचा. फाळके उलटं वाचलं की केळफा! पुढे त्यांनी केळफांच्या जादूचा एक छोटा चित्रपटही काढला. माझ्या नातवाला हे सांगितलं, तर तो आठवडाभर घरातल्या प्रत्येकाचं आडनाव उलटं करून हाका मारत होता. काहींची उलटी नावं चारचौघांत घेण्यासारखी नव्हती, म्हणून थांबवावं लागलं.

दुसरी गंमत. "राजा हरिश्चंद्र"मध्ये तारामती करायला बाई मिळेना, म्हणून मुंबईतल्या एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला उभं केलं. हेच साळुंके १९१७ च्या "लंकादहन"मध्ये राम झाले, आणि सीतासुद्धा तेच झाले! एकाच चित्रपटात नवरा-बायको दोन्ही. अशोकवनात शोक करणाऱ्या सीतेचे दंड मात्र चांगले पैलवानी. पण लोकांनी काही मनावर घेतलं नाही, चित्रपट तुफान चालला.

आता मुद्द्यावर येते. माझी वही ज्या नोंदीसाठी मी पुन्हापुन्हा उघडते, ती ही. पौराणिक चित्रपटांच्या मध्ये मध्ये फाळक्यांनी बरेच छोटे छोटे माहितीपट काढले. नाशिक-त्र्यंबकचे देखावे, सिंहस्थाची पर्वणी, खंडाळ्याचा घाट, आगकाड्यांची मौज... आणि तळेगावचा काच कारखाना.

तळेगाव म्हणजे आपलं तळेगाव दाभाडे! कुरुळीहून चाकण, चाकणहून सरळ तळेगाव. अंतर तीसेक किलोमीटर, वेळ मात्र चाकणच्या ट्रॅफिकची मर्जी. हा काच कारखाना म्हणजे पैसा फंडाचा. अंताजी दामोदर काळे नावाच्या माणसाने कल्पना काढली की देशातल्या प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभे करायचे. एक पैसा! लोक आधी हसले. मग लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं आणि स्वदेशीच्या त्या दिवसांत काळे गावोगाव पैसा पैसा गोळा करत फिरले. त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना आणि काचकाम शिकवायची शाळा सुरू झाली. इथे शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या कारखान्यांत गेले. आपल्या या पट्ट्यात आज गाड्या बनतात, त्यांचे सुटे भाग बनतात, फ्रीज बनतात, पण सामान्य लोकांच्या एकेका पैशातून उभा राहिलेला कारखाना तो एकच, आणि त्याचं चित्रण खुद्द फाळक्यांनी केलेलं.

कशाला गेले असतील फाळके तिथे? माझा आपला तर्क. फाळके याच रेल्वे लाइनवरचे. ते लोणावळ्याला राहिलेले, मळवलीच्या रवि वर्मा छापखान्यासाठी काम केलेलं. तळेगाव त्यांना परकं नव्हतं. आणि काच बनताना बघणं हा तर चित्रपटाचाच विषय. वाळूचा रस होतो, लालभडक गोळा नळीच्या टोकाला येतो, माणूस गाल फुगवून फुंकतो आणि हवेत बाटली तयार होते. केळफा प्रोफेसरांना यात जादू दिसली नसती तरच नवल. कोण होते ते फुंकणारे कारागीर? मावळातले? खेडमधले? कुणाचे तरी पणजोबा त्या पडद्यावर गाल फुगवून उभे असणार.

आपल्या पट्ट्याच्या कारखानदारीचं ते पहिलं चित्रण. आणि तेही नाही. बघायला मिळत नाही.

हे सगळं गेलं कुठे, हा प्रश्न ज्याला पडला असेल त्याने "सेल्युलॉइड मॅन" बघावा. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१२ साली केलेला, पी. के. नायर यांच्यावरचा माहितीपट. अडीच तासांहून मोठा आहे, दोन बैठकींत बघितला तरी चालेल. नायर मूळचे केरळचे, पण आयुष्य पुण्यात गेलं. आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची १९६४ मध्ये स्थापना झाली, ते उभं केलं ते याच माणसाने. चित्रपट गोळा करायचे, डब्यांत जपून ठेवायचे, यादी करायची. अमुक चित्रपटातलं अमुक दृश्य म्हटलं की कितव्या रिळात आहे ते तोंडपाठ सांगायचे. अंधारात हातात छोटी बॅटरी धरून वहीत टिपणं काढत चित्रपट बघायचे. लहानपणी सिनेमाच्या तिकिटांचे तुकडे जमवायचे! (आमच्या घरी अशा मुलाला "कचरा गोळा करतो" म्हणून मार बसला असता.)

त्यात "आलम आरा"ची गोष्ट आहे. १९३१ सालचा आपला पहिला बोलपट. नायर निर्माते अर्देशिर इराणींना भेटायला गेले. म्हातारे म्हणाले, असतील काही रिळं कुठेतरी. मुलाने मात्र नंतर खासगीत सांगितलं, की ती आपणच काढून टाकली. चांदीसाठी. कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीचं असतं, ती काढून विकता येते. उरलेल्या सेल्युलॉइडच्या पट्ट्या भंगारात जायच्या आणि त्यांच्या बांगड्या नाहीतर पर्सा व्हायच्या. हे ऐकलं तेव्हा मी व्हिडिओ थांबवून माझ्या मनगटांकडे बघितलं. आमच्या लहानपणी जत्रेत चकचकीत हलक्या बांगड्या मिळायच्या. कुठली राणी, कुठला राक्षस, कुठला समुद्र त्यात विरघळला होता, देव जाणे.

आकडा सांगते आणि पुढे जाते. मूकपटांच्या काळात आपल्या देशात सतराशेच्या आसपास चित्रपट बनले. नायरांना वाचवता आले नऊ.

त्या नऊमध्ये फाळके आहेत, ही आपली पुण्याई. नायर नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांपर्यंत पोचले, जे उरलं होतं ते आणलं. "कालियामर्दन" (१९१९) त्यामुळेच बघायला मिळतो. त्यात बाळकृष्ण झालीय फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. गोष्ट सुरू होण्याआधी ती साध्या वेषात कॅमेऱ्याकडे बघून वेगवेगळे हावभाव करून दाखवते, म्हणजे प्रेक्षकांना कळावं की ही बघा आमची पोरगी, आता हीच कृष्ण होणार आहे. ते एवढंसं दृश्य मी कितीतरी वेळा बघितलं असेल. "चित्रपट कसे तयार करतात" नावाचा त्यांचा माहितीपटही थोडासा उरलाय. त्यात खुद्द फाळके काम करताना दिसतात. नक्की बघा. आधी मंदाकिनी बघा, मग बाप बघा.

आणि जपलेलंही जपून राहतंच असं नाही. ८ जानेवारी २००३ रोजी प्रभातच्या जुन्या आवारात, जिथे १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथल्या जुन्या रिळांच्या गोदामाला आग लागली. जुनी नायट्रेट फिल्म म्हणजे जवळपास दारूगोळाच. मूळ रिळं गेली. ज्यांच्या प्रती आधीच काढलेल्या होत्या ते चित्रपट तरले. आपल्या देहूच्या तुकोबांवरचा दामले-फत्तेलाल यांचा "संत तुकाराम", जो १९३७ मध्ये व्हेनिसपर्यंत गाजला, तो आजही बघता येतो म्हणून किती बरं वाटतं! त्यात तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस आधी नाटकात स्त्रीभूमिका करायचे. आता आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरातला तुकाराम नीट निरखून बघा. मला तरी त्यात पागनीसच दिसतात. चित्रपटाने देवघरात जाऊन बसण्याचा हा प्रकार मला मोठा गमतीचा वाटतो. नायर ४ मार्च २०१६ ला पुण्यातच गेले.

जरा हलकं काहीतरी. तुम्हा सगळ्यांना, निदान चाळिशी ओलांडलेल्यांना, दूरदर्शनवरची ती चिमण्यांची आणि पारध्याच्या जाळ्याची कार्टूनफिल्म आठवत असेल, "एक अनेक और एकता". १९७४ सालची. मुलं अजून गातात. पण ती बनवली कुणी, विचारा. विजया मुळे! आपल्या मराठी बाई, शिक्षण आणि चित्रपट या दोन्हींत आयुष्य घालवलेल्या, सगळ्यांच्या "अक्का". २०१९ मध्ये गेल्या. आणि संगीत कुणाचं? वसंत देसाईंचं, जे सावंतवाडीकडून येऊन प्रभातच्या आवारात पोरवयात वाढले. म्हणजे "एकता" शिकवणाऱ्या त्या हिंदी चिमण्या आतून पक्क्या मराठी. शाळेत टीव्ही आला तेव्हा मी ही फिल्म मुलांना दाखवत असे, आणि पाठ संपल्यावर हमखास एखादा विचारायचा, "बाई, पारध्याचं पुढं काय झालं?" त्याचं उत्तर अभ्यासक्रमात नव्हतं.

तसंच ते "हमारा बजाज". १९८९ ची जाहिरात. सगळ्या देशाने ऐकली, पण आकुर्डी-चिंचवडच्या चाळींतून ती ऐकली जायची ती वेगळी. सायरनच्या वेळा पाळणाऱ्या त्या घरांत "हमारा" या शब्दाला अर्थ होता. माझे दीर त्या वेळी दुसऱ्याच एका कारखान्यात होते, तरी ते गाणं लागलं की आवाज वाढवायचे. २००७ मध्ये आकुर्डीचं वाहनांचं उत्पादन थांबलं, आणि २०१९ मध्ये चेतक हे नाव विजेच्या स्कूटरवर बसून परत आलं, ते आपल्या चाकणमधून. आता आवाज नाही तिला. दीर असते तर म्हणाले असते, ही कसली चेतक, किक कुठाय?

शेवटची शिफारस जड आहे, पण टाळू नका. आनंद पटवर्धन. माझ्याच वयाचे. त्यांचा "जय भीम कॉम्रेड" (२०११) बघायला तीन तासांहून जास्त वेळ आणि घट्ट मन लागतं. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा माणसं गेली, त्या दुःखाने शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला, तिथून तो सुरू होतो आणि चौदा वर्षं चालत राहतो. चौदा वर्षं एक माणूस कॅमेरा घेऊन त्याच वस्त्यांमध्ये जातोय, शाहिरांची गाणी टिपतोय, खटल्याचं काय होतं ते बघतोय. बातमी दोन दिवसांत संपते. हे संपत नाही, म्हणून तो इतिहास होतो.

त्यांचाच २०२३ चा "वसुधैव कुटुंबकम्" मात्र नातेवाइकांनी एकत्र बसून बघावा. त्यात त्यांनी आपल्या म्हाताऱ्या आई-वडिलांचं घरातल्या घरात वर्षानुवर्षं केलेलं चित्रण आहे. आई मातीची भांडी घडवणाऱ्या, शांतिनिकेतनात शिकलेल्या. काका रावसाहेब आणि अच्युतराव, स्वातंत्र्यलढ्यातले. पण चित्रपटात भाषणं नाहीत. चहा आहे, चष्मा शोधणं आहे, एकमेकांची थट्टा आहे, आणि बोलता बोलता १९४२ निघतं. घरचा कॅमेरा बैठकीच्या खोलीत ठेवला आणि देश आत आला.

तो बघून झाल्यावर मी उठले आणि माळ्यावरची पेटी खाली काढायला लावली.

त्यात एक व्हीएचएस कॅसेट होती. शाळेचं स्नेहसंमेलन, १९९६. व्हिडिओवाला चाकणहून भाड्याने आणला होता. नातवाने ती पुण्यातून मोबाईलवर बघता येईल अशी करून आणली. एकूण एक तास दहा मिनिटं. त्यातली सव्वीस मिनिटं हार घालण्यात गेली आहेत, मी घड्याळ लावून मोजली. पाहुण्यांना हार, पाहुण्यांच्या पाहुण्यांना हार, मग नारळ. लेझीम मात्र तीन मिनिटांत उरकलं, कारण तेव्हा व्हिडिओवाला जेवायला बसला असावा.

पण लेझमानंतर, कदाचित कॅमेरा बंद करायला विसरल्यामुळे असेल, त्याने तो खांद्यावर तसाच ठेवून एक गिरकी घेतली. बावीस सेकंद. त्या बावीस सेकंदांत शाळेच्या कुंपणापलीकडे कांद्याचं रान दिसतं, कडेला कांद्याची चाळ, तिच्या सावलीत बसलेल्या चार बायका. मागे बाभळी. लांबवर नाशिक रस्ता आणि त्यावर एक लाल एसटी, एकटीच. ट्रकांची रांग नाही, शेड नाही, पत्र्याचं कुंपण नाही. जिथे तो माळ संपतो तिथे आता गोदामं आहेत, आणि रात्री इतका उजेड असतो की चांदण्या दिसत नाहीत. त्या रानाचे पैसे कुणाला किती मिळाले, कुणाचे टिकले आणि कुणाचे गाडी-बंगल्यात उडाले, ते गावाला माहीत आहे, इथे नको.

कंपन्यांचे चित्रपट आता खूप निघतात. ड्रोनने वरून काढलेले, संगीतासह. परवा एक बघितला, आपल्याच भागाचा. छप्परं झकास दिसतात. माणूस शोधावा लागतो.

गेले तीन महिने मी एक काम काढलंय. कॅसेट थांबवून थांबवून त्यात दिसणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव वहीत लिहायचं, मिनिट आणि सेकंदासकट. नायर रिळं सांगायचे तसं. गावातल्या जुन्या बायका दुपारी येतात, चहा होतो, भांडणंही होतात. "ती मी नव्हेच, मी एवढी काळी कुठं होते?" "अगं तुझीच साडी ती, निळ्या काठाची!" आतापर्यंत एकशे चौदा नावं झाली. त्यातले एकतीस जण आज नाहीत. चाळीच्या सावलीतल्या चार बायकांपैकी तिघी ओळखू आल्या. चौथी पाठमोरी आहे. डोक्यावर पदर, डाव्या हातात विळा, आणि शेजारी पोत्यावर एक लहान मूल झोपलेलं. कुणी म्हणतं खालच्या आळीची, कुणी म्हणतं चिंबळीहून मजुरीला यायची ती. ज्यांच्या घरातलं कुणी १९९६ च्या उन्हाळ्याआधी आमच्या बाजूला कांद्याच्या कामाला येत असेल, त्यांनी एकदा बघायला या. ते मूल आता तिशीचं असेल.